पडद्यापाशी अनवरीखाला

मंठ्यात मुसलमान घरातील बाई वारली की अंगणाच्या कोपऱ्यात चादरी बांधून आडोसा केला जातो आणि त्या आडोशाच्या तोंडाशी अनवरीखाला उभी राहते. मय्यतीला अंघोळ, म्हणजे गुसल, घालायची, कफन चढवायचे आणि चेहरा तेवढा उघडा ठेवायचा, ही तिची कामे. शेवटचे दर्शन घ्यायला पुरुष येऊ लागले की ती प्रत्येकाला अडवते आणि विचारते, "तू हिचा कोण?" बाप, भाऊ, मुलगा, मामा, नवरा असे उत्तर आले तर चादर बाजूला होते. चुलतभाऊ, दीर आणि शेजारी परतवले जातात. ज्याला ती लहानपणापासून ओळखते त्यालाही प्रश्न चुकत नाही, आणि उत्तर अंगणात बसलेल्या सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने द्यावे लागते.

परपुरुषाने मय्यतीचा चेहरा पाहू नये, एवढ्या भागाला धर्माचा आधार आहे. मोठ्याने उत्तर घेण्याला मात्र कोठेही आधार सापडला नाही. परतूर, अंबड, भोकरदन येथे हेच काम करणाऱ्या बायकांकडे चौकशी केली. असे कोणीही विचारत नाही. एकीने तर ही मंठ्याची मस्ती आहे असे सांगितले. अनवरीखालाला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मान्सं खोटं बोलत्यात म्हनून."

तिच्याविषयी लिहिण्यातली पहिली अडचण हीच आहे की ती कोणावरही विश्वास ठेवत नाही. पहिल्या भेटीत तिने माझे ओळखपत्र दोन्ही बाजूंनी पाहिले आणि असले कागद बाजारात कोणीही छापून देतो असे म्हणून परत केले. नव्या जालन्याच्या मारवाड्याच्या पोरीला मय्यतीत काय सापडणार, असेही विचारले. चहा आला, पण मी पहिला घोट घेईपर्यंत तिने आपल्या कपाला हात लावला नाही. दुसऱ्या भेटीत तिने पहिल्या भेटीतलेच प्रश्न पुन्हा विचारले आणि उत्तरे जुळतात की नाही ते पाहिले. कापूर, अत्तर आणि कापूस ती दर वेळी वेगळ्या दुकानातून आणते, कारण एकाच दुकानदाराकडे गेले तर भेसळ कोणाच्या पुडीत करायची हे त्याला आधीच कळते.

ती परतूरची. बाप जिनिंगवर हमाल होता. लग्न होऊन मंठ्यात आली, नवरा टांगा चालवायचा, पुढे टांगे गेले आणि तोही लवकर गेला. मूलबाळ नाही. मय्यतीचे काम सासूकडून आले. एरवी ती आठवडी बाजारात बांगड्या विकते. वयाविषयी तिने सांगितलेला आकडा आणि आधार कार्डावरचा आकडा जुळत नाही. कार्ड खरे मानले आणि लग्नाचे तिने सांगितलेले वर्षही खरे मानले, तर लग्नात ती पाच वर्षांची ठरते. हे तिच्या लक्षात आणून दिल्यावर तिने कार्ड काढणाऱ्यावर संशय घेतला.

पडद्यापाशीच्या तिच्या प्रश्नाला केवळ रिवाजाचे वजन असते, तर त्याची नोंद करून मी पुढे गेले असते. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, फरहानाच्या मय्यतीत, त्या प्रश्नावर एक देह कोणत्या गावच्या मातीत जाणार हे ठरले. त्या दिवशी अंगणात हजर असलेल्या चार जणांशी मी स्वतंत्रपणे बोलले. त्यांच्या सांगण्यात जेवढे जुळते तेवढे येथे सरळ सांगते. जेथे जुळत नाही तेथे तसे म्हणेन.

फरहाना ही मंठ्याच्या मोंढ्यात मापाडी असलेल्या इजहारची धाकटी बहीण. तिचे लग्न वाटूरच्या मुझफ्फरशी झाले होते. फाट्यावर त्याचे पंक्चरचे दुकान आहे. मूल झाले नाही, कुरबुरी वाढल्या, आणि टाळेबंदीच्या उन्हाळ्यात ती माहेरी अडकलेली असताना मुझफ्फरने फोनवरून तीन वेळा तलाक म्हटले. इजहारची बायको फलक तेव्हा शेजारीच भाकरी थापत होती. फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे ते शब्द तिने आणि इजहारनेही ऐकले. फरहाना नंतर वाटूरला गेली नाही. मुझफ्फरने पुढच्याच वर्षी दुसरे लग्न केले. ती भावाकडे राहून साड्यांना फॉल-पिको करायची. मग मूत्रपिंडाचा आजार जडला, जालन्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि तेथल्याच एका दवाखान्यात एका सकाळी ती गेली. इजहारने सही करून देह ताब्यात घेतला आणि रुग्णवाहिकेतून मंठ्याला आणला.

अंगणात चादरी बांधून होतात न होतात तोच मुझफ्फर आला. बरोबर एक टेम्पो आणि दोन माणसे होती. तो इजहारला म्हणाला की फरहाना माझी बायको आहे, वाटूरला कबर खोदायला माणसे लावून आलो आहे, गुसल उरकून द्या.

एवढ्या वर्षांत औषधाची पुडी न पाठवणारा माणूस मातीसाठी टेम्पो घेऊन का आला, हा प्रश्न अंगणातल्या प्रत्येकाला पडला आणि प्रत्येकाने स्वतःचे उत्तर गृहीत धरले. फरहानाच्या नावावर मंठ्याच्या बाहेर एक लहानसा प्लॉट होता. ती मरेपर्यंत बायको होती असे ठरले तर त्यात मुझफ्फरचा हिस्सा निघतो, आणि नव्हती असे ठरले तर तो नवरा म्हणून हिस्सा मागू शकत नाही. इजहारला मुझफ्फरचा हेतू तेथेच दिसला. मुझफ्फरच्या माणसांना, नेमक्या त्याच कारणाने, इजहारचा हेतू तेथे दिसला. वास्तविक कोणत्या गावात दफन झाले यावरून वारसा ठरत नाही. पण त्या अंगणात तसे मानणारा एकही माणूस नव्हता.

माणूस मेल्यावर त्याच्या देहाचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचा क्रम लावून देणारा एखादा स्पष्ट कायदा मी शोधला. मला तो मिळाला नाही. देह मालमत्तेत मोडत नाही, असे वकील सांगतात. दवाखाना जवळच्या नातेवाइकाची सही घेतो आणि मोकळा होतो. दोन जवळचे नातेवाईक समोरासमोर आले की कोर्टात जाता येते. पण आपल्याकडे मय्यत तेवढी थांबत नाही. सकाळी वारलेले माणूस संध्याकाळच्या आत मातीत जावे, असा सर्वांचा आग्रह असतो.

इजहारने ठाण्यातून हवालदार बोलावला. हवालदाराने दोन्ही बाजू ऐकल्या आणि जे सांगितले ते कायद्याला धरूनच होते. एका दमात तीन वेळा म्हटलेला तलाक आता कायद्यात तलाक नाही. तो रद्दबातल आहे, शिवाय तसे म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे शब्द उच्चारले असले तरी लग्न शाबूत, आणि लग्न शाबूत तर बाई मरेपर्यंत बायकोच. बाईला रस्त्यावर आणता येऊ नये म्हणून केलेला हा कायदा त्या दिवशी अंगणात तिला टेम्पोत चढवायला उपयोगी पडत होता. हवालदाराला हे जाणवले असावे, कारण त्याने इजहारला बाजूला नेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. मृत्यूविषयी संशय असेल तर तसे लेखी द्या. मग आम्ही सगळे थांबवतो, शवविच्छेदन होते, तोवर कोणीही कुठेही नेणार नाही.

इजहारला कसलाही संशय नव्हता. बहीण त्याच्या डोळ्यांदेखत आजाराने झिजली होती. पण मुझफ्फरला थांबवायचे तर संशय असल्याचे म्हणावे लागणार होते, आणि म्हटले तर तिला चिरणार होते. फलकच्या सांगण्यानुसार तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला आणि मग लिहून देतो असे म्हणून उठला. चादरीआड अनवरीखालाने गुसलची तयारी केली होती. तिने तेथूनच हाक मारली. तिचे शब्द फलकने आणि हवालदारानेही ऐकले. ती म्हणाली की हिला चिरून आणलंस तरी मी न्हाऊ घालीन, पण मग चेहरा तुलाही दाखवणार नाही. इजहार पुन्हा बसला.

हे तिने दयेने केले की आणखी कशाने, याविषयी माझे मत अजून बनलेले नाही. परगावचे लोक कामात नाक खुपसतात हे तिला आवडत नाही, आणि शवविच्छेदन करणारे तिच्या लेखी परगावचेच.

मग कबरस्तान कमिटीचे गयासोद्दीनचाचा यांना आणले गेले. हे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मोजून बोलतात आणि कोणाची बाजू घेतल्याचे दिसू देत नाहीत. त्यांनी सांगितले की जनाजाच्या नमाजची इजाजत भावाने द्यायची, ती बाब साफ आहे. पण माती कोणत्या गावची, यावर दोघांनी मिळून काय ते ठरवावे. फोनवरच्या तलाकविषयी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी हवालदाराकडे पाहिले आणि आता त्यावर बोलण्याची वेळ नाही एवढेच म्हटले. मला त्यांनी हेच वाक्य जसेच्या तसे पुन्हा सांगितले, दोन वर्षांनंतर.

पारडे इजहारच्या बाजूने किंचित झुकत होते. ते त्याने स्वतःच्या हाताने फिरवले.

या भागात लग्न झालेली बाई सासरी वारली की कफन माहेरहून येते. हिंदू घरात माहेरची साडी येते, तसेच हे. किताबात पाहिले तर कफन नवऱ्याच्या अंगावर आहे. पण मंठ्यात नवऱ्याने स्वतः कफन आणले तर बायकोला मागे कोणी नव्हते काय, असे लोक विचारतात. माहेरचा माणूस कफन डोक्यावर घेऊन येतो, सासरच्या उंबऱ्याबाहेर थांबतो, माहेरचे कफन आणले असे म्हणतो, आणि सासरचे कोणीतरी पुढे येऊन ते उतरवून घेते. इजहारने हे लहानपणापासून पाहिलेले. आत्याच्या वेळी, मोठ्या बहिणीच्या वेळी, त्यानेच कफन नेले होते. त्या दुपारी तो बाजारातून कफन घेऊन निघाला तो ते डोक्यावर घेऊनच आला, आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "मैके का कफन लाया."

घरातून पुढे यायला कोणी नव्हते. सगळे त्याच्याच घरचे. तेवढ्यात मुझफ्फरच्या माणसांपैकी एक उठला, पुढे झाला आणि त्याने कफन उतरवून घेतले.

फलक म्हणते की तिला पहिल्यांदा कळलेच नाही काय झाले ते, मग नवऱ्याचा चेहरा पाहून कळले. ज्या घरात फरहाना जन्मली, ज्या घरात परत आली, ते घर एका क्षणात तिचे सासर झाले होते, आणि तिचा भाऊ पाहुणा. गयासोद्दीनचाचा म्हणाले, "इजहार, तूच मैके का बोला. मैके का कफन ससुराल को जाता." बाहेर टेम्पोवाल्याने गाडी वळवून दार मागे केले.

कफन घेतलेला माणूस चादरीपाशी आला. अनवरीखालाने चादरीबाहेर हात काढला नाही. तिने विचारले, "तू इसका कौन?" त्याने सांगितले की तो मुझफ्फरचा मामेभाऊ. "मंग खाली ठिव," ती म्हणाली. त्याने कफन ओट्यावर ठेवले. ते इजहारने उचलावे असे तिने सांगितले, त्याने ते आत दिले, आणि बराच वेळ आतून फक्त पाण्याचा आवाज येत राहिला.

मग ती बाहेर आली. हात ओले होते, पदर खोचलेला होता. कोणाकडेही न पाहता तिने सांगितले की फरहाना आपल्याजवळ बोलली होती: मला अम्मीच्या बाजूला ठेवा, वाटूरला नेऊ नका. चारही साक्षीदारांच्या सांगण्यात हे वाक्य थोड्याफार फरकाने हेच आहे. केव्हा बोलली, कोठे बोलली, हे तिला कोणीही विचारले नाही. दुसऱ्याला प्रश्न विचारण्यातच तिचा सगळा दरारा असल्याने, तिलाही प्रश्न विचारता येतो हे बहुधा कोणाला सुचले नसावे.

मुझफ्फर म्हणाला की मेलेल्याच्या नावावर कोणीही काहीही सांगेल. मी नवरा आहे. मला आधी तिचा चेहरा पाहू द्या, मग बोलू. त्याने केलेली ही चूक होती, असे मला वाटते. चेहरा न मागता तो टेम्पोपाशी उभा राहिला असता तर गयासोद्दीनचाचांचे वाक्य कायम राहिले असते. पण चेहरा मागायचा तर पडद्यापाशी जावे लागत होते, आणि पडद्यापाशी प्रश्न होता.

"तू इसका कौन?"

"शोहर हूँ."

"मोठ्यानं."

त्याने पुन्हा सांगितले. ती म्हणाली की अंगणातल्या दोघांनी फोनवर ऐकलेले आहे. मुझफ्फर म्हणाला की कायद्याने ते धरत नाहीत, हवालदारसाहेबांना विचारा.

"कायद्याला कशाला आणतो मधात," अनवरीखाला म्हणाली. "तू बोल. बोल्ला नव्हतास म्हन, की मी चादर सरकवते. तिच्यासमोर म्हन."

मुझफ्फरने हवालदाराकडे पाहिले. हवालदार भिंतीवरच्या वेलीकडे पाहत होता. इजहारच्या हातात फोन होता. तो रेकॉर्ड करत होता की कोणाला मय्यतीची वेळ कळवत होता, याविषयी दोघांच्या सांगण्यात फरक आहे. इजहार मला म्हणाला की फोनची बॅटरीच संपली होती. पण मुझफ्फरने तो फोन पाहिला, एवढे निश्चित. बोललो होतो असे म्हटले तर तो गुन्हा कबूल करत होता, तोही वर्दीसमोर. बोललो नव्हतो म्हटले तर ज्यांनी ऐकले त्यांच्यासमोर, आणि चादरीआड जी होती तिच्यासमोर, खोटे ठरत होता. त्याने बरोबरच्या माणसांकडे पाहिले. त्यांतला दुसरा माणूस त्याच्या नव्या बायकोचा भाऊ होता, ही गोष्ट मला वाटूरलाच कळली. त्या माणसासमोर तलाक दिला नव्हता असे म्हणणे म्हणजे आणखी एक भांडण घरी घेऊन जाणे.

तो चादरीपासून मागे वळला.

फरहानाचा जनाजा मंठ्यातच झाला. इजाजत इजहारने दिली. मुझफ्फर त्यापूर्वीच निघून गेला असे इजहार सांगतो. तो नमाजला शेवटच्या रांगेत उभा होता आणि त्याने तीन मुठी मातीही टाकली असे गयासोद्दीनचाचा सांगतात. हवालदार नमाजच्या वेळी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर होता. त्याला टेम्पो आठवतो, माणूस आठवत नाही.

ही घटना लोकांना अनवरीखालाची करामत म्हणून सांगायला आवडते. मला ती तशी सांगता येत नाही, कारण तिचा पाया एका वाक्यावर आहे आणि त्या वाक्याला साक्षीदार नाही. शेवटच्या आठवड्यात फरहानाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. फलक दवाखान्यात सतत तिच्याजवळ होती. अनवरीखाला तेथे आली होती असे तिला आठवत नाही. इजहारलाही आठवत नाही, पण आली असेल, असे तो घाईने पुढे जोडतो. त्याआधी मंठ्यात असताना बोलणे झाले असेल, असे गयासोद्दीनचाचा म्हणतात. ते शक्य आहे. मात्र फरहाना मातीविषयी काय बोलायची हे फलकला चांगले आठवते. डायलिसिसवरून परतताना एसटीत ती एकदा म्हणाली होती की मला जागा कुठेही द्या, फक्त उन्हात नको. मंठ्याच्या कबरस्तानात ती आज जेथे आहे तेथे झाड नाही.

वाटूरला मुझफ्फर भेटला. टायर पाण्यात बुडवून हवा कोठून निसटते ते पाहता पाहता तो बोलत होता. प्लॉटवर मी हक्क सांगितलेला नाही, असे तो म्हणाला. ते खरे आहे, निदान आजपर्यंत. मग नेणार कशासाठी होतास, असे विचारल्यावर त्याने टायर पाण्यात पुन्हा फिरवला. नंतर म्हणाला, "कबर खोदून झाल्ती. रिकामी कबर बुजवावी लागली मला. लोकं बघून राह्यलेते." आधी नेण्याचे ठरवले म्हणून कबर खोदली, की कबर खोदली म्हणून नेणे भाग पडले, याचा क्रम त्याच्याकडून नीट मिळाला नाही. माफी मागायची होती, असेही तो म्हणाला. पण तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक आले होते आणि ते वाक्य माझ्यासाठी होते की त्याच्यासाठी, हे सांगता येत नाही. निघताना त्याने विचारले की ती खरंच तसं बोलली होती का. मला माहीत नाही, असे मी सांगितले. त्याचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.

शेवटच्या भेटीत मी अनवरीखालाला सरळ विचारले: फरहाना हे तुमच्याजवळ केव्हा बोलली?

"वाटूरला गेल्तीस न्हाई का तू," ती म्हणाली. ते मी तिला सांगितले नव्हते. "त्यानं पाठवलं तुला?"

नाही म्हटले. तिने माझ्याकडे पाहिले, पुन्हा विचारले, मीही पुन्हा नाही म्हटले. दोन्ही उत्तरे जुळल्यावर ती बांगड्यांची टोपली पुढे ओढून तुटलेल्या वेगळ्या करू लागली.

"तू तिची कोण?"

"कोणी नाही, खाला."

"मंग तुला कशाला सांगायचं?"

अनवरीखालाची तब्येत आता ठीक नसते. परतूरला भाऊ आहे, मंठ्यात पुतण्या आहे; दोघेही तिला विचारत नाहीत, आणि म्हणूनच मेल्यावर दोघेही येतील अशी तिची खात्री आहे. आपल्याला न्हाऊ घालायचे आणि आपल्या पडद्यापाशी उभे राहायचे काम तिने फलकवर सोपवले आहे. फलक ते करील यावर मात्र तिचा विश्वास नाही. त्यामुळे दुपारी फलक भांडी घासून आली की अंगणात एक ओढणी दोरीवर टाकली जाते आणि तालीम सुरू होते.

त्या दिवशी ती मी पाहिली. अनवरीखाला आधी परतूरचा भाऊ झाली. पोट पुढे काढून, घशात आवाज आणून, बहिणीसाठी रडत रडत ओढणीपाशी आली. फलकने अदबीने विचारले, "जी, आप कौन?" अनवरीखालाने तिथेच थांबवले. मेहमान आलेत काय, सरबत देणार आहेस काय, असे म्हणून पुन्हा करायला लावले. फलक हसू लागली. हसणारीला माणसं ढकलून आत जातील, अशी बोलणी तिला खावी लागली. मग अनवरीखाला पुतण्या झाली. पुतण्या म्हणे कागदपत्रे घेऊन येणार. फलकने त्याला कागद बाहेर ठेवायला सांगितले, आणि ते पास झाले.

तिसऱ्या वेळी अनवरीखाला कोण झाली आहे, हे पहिल्यांदा कळले नाही. पोट नाही, रडणे नाही. पदर खोचलेला, हात पुढे धरलेले. तिने म्हटले की मी हिची कोणी नाही, शेजारची आहे, पण ही माझ्याजवळ बोलली होती, मला परतूरला न्या म्हणून.

ओढणीचे टोक फलकने धरून ठेवले होते.

"विचार," अनवरीखाला म्हणाली.

"कधी बोलली?" फलकने विचारले.

"मंग?"

"कुठं बोलली? अजून कोण होतं तिथं?"

"बराबर," अनवरीखाला म्हणाली. "अशी बाई आली ना, तिला बिलकुल आत सोडायचं न्हाई."

तिने ओढणी दोरीवरून उतरवली, झटकली आणि फलकच्या हातात दिली. फलकने तिच्याकडे पाहिले, आणखी काही विचारावेसे तिला वाटत होते हे दिसत होते. तिने विचारले नाही. अनवरीखाला टोपलीपाशी जाऊन बसली आणि त्या तुटलेल्यांत एक चांगली बांगडी कोणी टाकली, याची चौकशी करू लागली.